आबांच्या गाडीचं स्टेअरिंग

किल्ली लपवून काही उपयोग झाला नाही, कारण आबांना किल्ली लागतच नव्हती. डॅशबोर्डखालच्या दोन वायरी एकमेकींना लावल्या की गाडी सुरू होते, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. सकाळी जेवलो की नाही हे ते विसरत. माझ्या बायकोला कधी कधी "तुम्ही कोणाकडच्या?" असं आदरानं विचारत. पण त्या वायरी ते विसरले नाहीत. मग मी बॅटरीच काढून धान्याच्या कोठीमागे ठेवली. तर दोन-चार दिवसांनी शाळेतून घरी येताना समोरून आमचीच पांढरी अँबॅसेडर येताना दिसली. बॅटरी नसल्यामुळे हॉर्न वाजत नव्हता, म्हणून आबा खिडकीतून हात बाहेर काढून दारावर थापा मारत होते, रस्त्यावरच्या बकऱ्यांनी बाजूला व्हावं म्हणून.

डिझेलची जुनी गाडी. धक्का मिळाला की बॅटरीशिवायही सुरू होते. आणि आबांच्या गाडीला धक्का द्यायला आमच्या गावात माणसं कमी पडणं शक्य नव्हतं.

आबा म्हणजे माझे वडील. सगळं गाव त्यांना ड्रायव्हर आबा म्हणतं. तापीच्या काठावरचं गाव, केळी, कापूस आणि उसाचं. आबा तरुणपणी तिथल्या एका गुजर शेतकरी कुटुंबाकडे वर्षाच्या बोलीवर सालदार म्हणून लागले. मालकांनी अँबॅसेडर घेतली तेव्हा तिचे ड्रायव्हर झाले. मालक वारल्यावर मुलांनी नवी गाडी आणली आणि जुनी आमच्या अंगणात आणून उभी केली. "आबा, ही आता तुमचीच," एवढंच म्हणाले. आबांनी पुढे तिच्यावर लग्नाची, बाजाराची, नवसाची भाडी केली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. धुळ्याच्या कॉलेजात मला याच गाडीनं नेलं. पत्र्याची पेटी डिकीत, गुंडाळलेली गादी टपावर. वसतिगृहाच्या दारात आबा खाली उतरले, इमारतीकडे वर बघितलं, आणि आत न येता गाडीपाशीच थांबले. मी शिकलो, शिक्षक झालो, ते आबांमुळे. हे मी कुणालाही सांगतो. आबा मात्र सांगत की ते गाडीमुळे झालं.

गावाला ती गाडी वेगळ्या कारणासाठी प्रिय आहे. फोन केल्यावर ॲम्ब्युलन्स येऊ लागली ती अलीकडे. त्याआधी अडलेल्या बायका शहाद्याला, नंदुरबारला याच गाडीतून गेल्या. बॅटरी हमखास बसलेली असायची. मग हाक जायची, शेजारपाजारची माणसं उठून यायची आणि गाडी ढकलत वेशीपर्यंत न्यायची. होता होता ती गावाची रीतच झाली. आबा स्टेअरिंगवर बसलेले दिसले आणि गाडी उभी असली, की कुठे निघालात हे कोणी विचारायचं नाही. हातातलं काम खाली ठेवायचं आणि मागे जाऊन हात लावायचा. पुढे आबांची नजर अधू झाली, धुळ्याच्या डॉक्टरांनी विस्मरणाचा आजार सांगितला, तरी ती रीत तशीच राहिली.

मी घरोघरी जाऊन सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि पुढल्या आठवड्यात पुन्हा धक्का दिला. चौकात किराणा दुकान चालवणारा एक जण आहे. त्याच्या वेळी त्याची आई शहाद्याला पोचण्याआधीच, पुलावर, आमच्या गाडीत बाळंत झाली होती. सगळ्यात आधी हात लावायला तोच धावायचा. त्याला मी चांगलंच धरलं.

"मास्तर, तू सांगस ते बराबर शे," तो म्हणाला. "पन आबा उनात, म्हने, चाल भो, हात लाव. आते मी काय सांगू त्यासले? मन्ही मायले दवाखानामा कोन लई गयता?"

"अरे, त्यासले दिसत नही. रस्ता याद ऱ्हात नही."

"मी बी तेच म्हनं. तं म्हने, तू जल्मना नव्हता तवयपाईन हाऊ रस्ता मन्हा पायखाल शे. मंग? मारा धक्का."

दुकानाच्या ओट्यावर बसलेला एक म्हातारा खोकत हसला. "मास्तर, पोरेसले गप बसाडस तू शाळामा. बापले बसाडी दखाड."

मीही हसलो. तेव्हा हसण्यासारखं होतं.

ऊसतोडणीच्या दिवसांत सातपुड्यातली कुटुंबं आमच्याकडे येतात. त्या वर्षी मोलगीच्या बाजूची काही कुटुंबं गावाबाहेर, रस्त्याच्या वळणावर पालं ठोकून राहिली होती. एका दुपारी आबांना नंदुरबारला कुणाला तरी आणायला जायचं होतं. कुणाला, ते नंतर त्यांना सांगता आलं नाही. चौघांनी धक्का दिला. गाडी गावाबाहेर नीट गेली. वळणावर रस्ता डावीकडे वळतो. आबा वळले नाहीत.

मला शाळेत निरोप आला. मी पोचलो तेव्हा गाडी एका पालात अर्धी शिरलेली होती. ताडपत्री बोनेटवर पडली होती. चूल मोडली होती आणि भाताचं पातेलं चाकाखाली चेपलं होतं. बाजूच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत एक बाळ होतं, त्याला काही झालं नव्हतं. झोळी हलवत बसलेल्या त्याच्या आजीच्या पायावरून मात्र चाक गेलं होतं. तिला लोकांनी बाजूला घेऊन निजवलं होतं. ती ओरडत नव्हती. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि ती पावरी भाषेत एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. टोळीच्या मुकादमाला मी विचारलं, तर तो म्हणाला, पाणी मागते आहे, पण दवाखान्यात देऊ नका म्हणतील म्हणून दिलं नाही.

आबा अजून स्टेअरिंगवरच बसले होते. दोन्ही हात चाकावर. मला बघून म्हणाले, "रस्ता अठेच व्हता."

म्हातारीचा मुलगा उसाच्या फडातून धावत आला. कोयता अजून हातात होता. त्यानं कोयता उचलला नाही, पण खालीही ठेवला नाही. त्याला जेवढी मराठी येत होती तेवढ्यात तो मला म्हणाला, "ही गाडी रस्त्याला परत दिसली ना, तर जाळून टाकीन. आत कोण बसलंय, ते नाही बघणार." मी मान हलवली. याशिवाय काय करणार होतो?

पाय दोन ठिकाणी मोडला होता. शहाद्याहून नंदुरबारला न्यावं लागलं. पोलीस आले, पंचनामा झाला, पुढचं सगळं रीतसर झालं. त्याबद्दल इथे लिहीत नाही. गाडी काही दिवस ठाण्याच्या आवारात होती. ते दिवस घरात फार वाईट गेले. आबांना अपघात आठवत नव्हता. अंगणात गाडी नाही एवढंच त्यांना कळत होतं. "गाडी कथा शे?" असं विचारायचे. आधी माझी माय खरं सांगायची. मग ते डोक्याला हात लावून खाली बसायचे, रडायचे, "म्हतारी जिवत शे ना?" म्हणायचे. आणि संध्याकाळी पुन्हा पहिल्यासारखं विचारायचे. तीच बातमी, तेच रडणं. शेवटी मायनं सांगणं सोडून दिलं. मग ते चालत गाडी शोधायला निघू लागले. एकदा भर उन्हात शहाद्याच्या रस्त्यावर एका फरशीपुलावर बसलेले सापडले. चपला नव्हत्या. पाय भाजले होते. केळीच्या ट्रकवाल्यानं ओळखून त्यांना घरी आणलं.

गाडी परत मिळेल असा निरोप आला, त्या दिवशी माय भाकरी थापत होती.

"आंगनमा आनीसन उभी कर," ती म्हणाली. "गाडी नही दिसनी तं हाऊ मानूस रस्तावर मरी जाई. पन ती चालाले नको."

मी म्हणालो, मिस्तरीला बोलावून डिझेलचा पाइप काढून घेतो.

"तुन्हा बाप ते जोडी ली. त्यासना हातले सगळं येस." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "आनि धक्का मारनारासले पाइप दिसस का? स्टेरिंग काढ. ते तं आंधळाले बी दिसई."

माझी माय शाळेत गेलेली नाही. आम्ही सगळे इतके दिवस आबांना थांबवायला बघत होतो. थांबवायचं होतं गावाला. ती बोलल्यावर ते मला समजलं.

रविवारी तळोद्याचा मिस्तरी आला. मोलगीच्या जीपगाड्या दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं आहे. आबांचा जुना दोस्त. आबांनी त्याला ओळखलं नाही, पण त्याच्या हातातला पाना ओळखला आणि खूश झाले. "उनात का? बरं झायं. स्टेरिंगमा खेळ उना शे," म्हणाले. चाक हाललं तरी गाडी उशिरा वळते, अशी त्यांची तक्रार. मिस्तरीनं माझ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "हा आबा. देखतो."

मधलं हॉर्नचं बटण त्यानं पेचकसानं उचकटून काढलं. खाली नट दिसायला हवा होता. तिथे लाल-काळ्या मातीसारखा थर घट्ट बसला होता. त्यानं बोटानं खरवडून वास घेतला.

"आबा, हाई काय शे? कुंकू?"

"मंग काय?" आबा म्हणाले. "दसराले पूजा करत नही का तुम्ही?"

गाड्यांची पूजा सगळेच करतात. नारळ बोनेटपुढे फोडतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. आबांची पद्धत निराळी होती. ते हॉर्नचं बटण काढायचे, आत हळदकुंकू वाहायचे आणि नारळाचं पहिलं पाणी तिथे ओतायचे. मी लहानपणापासून हे पाहत आलो होतो. लहानपणी मला ते इतकं पवित्र वाटायचं, की इतर लोक असं का करत नाहीत याचंच आश्चर्य वाटायचं.

"इतला वरीस पानी पाजं लोखंडले!" मिस्तरी कपाळावर हात मारून म्हणाला. "आबा, स्टेरिंग शे का महादेवनी पिंड?"

"इंजिन पुढे ऱ्हास," आबा शांतपणे म्हणाले. "जीव अठे ऱ्हास."

घासलेटमध्ये भिजवलेलं फडकं त्या खळग्यात कोंबून आम्ही चहा प्यायलो. मग पान्याला लोखंडी नळी लावून, दोघांनी जोर देऊन, नट फिरवला. तो किंचाळत निघाला. मला वाटलं काम झालं. पण चाक खालच्या स्टेअरिंगच्या दांड्याला असं धरून बसलं होतं की जणू दोन्ही एकाच ओतकामातून आले असावेत. मिस्तरीनं चाक उपसायचा पुलर लावला. त्याच्या नख्या गंजावरून घसरल्या. पुन्हा लावला, पुन्हा घसरल्या. एकदा तर त्याचं बोट सोलून निघालं. मग त्यानं गॅसची बत्ती पेटवून मधला भाग तापवला. चाकाचं काळं प्लास्टिक जळाल्याचा वास अंगणभर पसरला, म्हणून ती विझवली.

"करवत मारस," तो घाम पुसत म्हणाला. "कापी टाकू. तसं बी परत कोन बसाडनार शे?"

हे तो माझ्याशी बोलत होता, पण आबा जवळच उभे होते. त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं की नाही, मला सांगता येणार नाही. "कापाव नही!" ते ओरडले. इतक्या मोठ्या आवाजात ओरडताना मी त्यांना आयुष्यात दोनदाच ऐकलं असेल. माय दारात आली.

मिस्तरीनं करवत पिशवीत ठेवली. नट पुन्हा थोडासा वर चढवला, चाक एकदम सुटलं तर तोंडावर येऊ नये म्हणून. म्हणाला, "मंग एकच उपाय. कोनी तरी मझार बसीसन ओढो, मी वरथून ठोकस."

मी बसलो. दोन्ही हातांनी चाक धरून अंगाकडे ओढलं. तो दांड्याच्या टोकावर पितळी तुकडा ठेवून हातोडी मारत होता. प्रत्येक ठोका माझ्या खांद्यांपर्यंत येत होता. चाक जागचं हाललं नाही. आबा बराच वेळ बघत राहिले. मग माझा खांदा धरून म्हणाले, "ऊठ. तुन्हा हात खडूना शेतस."

ते आत बसले. टोपी काढून मायच्या हातात दिली. गुडघे चाकाखाली अडकवले, पाठ सीटला टेकवली आणि चाक नुसतं ओढण्याऐवजी थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं हलवत ओढायला लागले. मिस्तरी ठोकत होता. आबांच्या मानेच्या शिरा वर आल्या. माय म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, छातीमा दुखई." कोणी ऐकलं नाही. मीही त्यांना थांबवलं नाही. ते स्वतःच ते काढताहेत, आणि कशासाठी ते त्यांना ठाऊक नाही, हे मला दिसत होतं. तरी मी थांबवलं नाही.

मग खाडकन आवाज झाला. चाक नटापर्यंत उचलून आलं. मिस्तरीनं नट काढला आणि ते आबांच्या हातात सुटं आलं.

"निंघनं!" आबा हसले. आजारानंतर ते असे हसलेले मी पाहिले नव्हते. चाक मांडीवर घेऊन त्यांनी मायकडे पाहिलं, मिस्तरीकडे पाहिलं, आणि मग ते माझ्याकडे दिलं. "घासी काढ. ग्रीस लाव. मंग बसाड. वाकडं बसाडजो नको."

"हा आबा," मी म्हणालो.

मिस्तरी नळाखाली हात धूत राहिला. हात स्वच्छ झाले तरी धूत राहिला. जाताना आबांच्या पाया पडला, जे त्यानं आधी कधी केलं नव्हतं.

मी चाक पोत्यात गुंडाळून शाळेतल्या माझ्या कपाटात नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा गाडीत जाऊन बसले आणि किराणावाल्याला हाक मारली. तो सवयीनं धावत आला, डिकीला हात लावला आणि मागच्या काचेतून पुढे पाहिलं. मी ओट्यावर उभा होतो. त्यानं हळूच हात काढून घेतले.

"आबा, आज मन्हा हात दुखी ऱ्हायनात," तो म्हणाला.

"बरं. सकाळ ये," आबा म्हणाले.

त्यानंतर गावानं एकमेकांना न सांगता कामं वाटून घेतल्यासारखं केलं. कोणी म्हणायचं, पार्ट सुरतेहून यायचा आहे. कोणी म्हणायचं, मिस्तरी आजारी आहे. जी माणसं धक्का द्यायला धावत, तीच आता आबांची गाडी दिसली की पलीकडच्या गल्लीनं जायला लागली. मी त्यांना दोष देत नाही. मीच घरोघरी जाऊन हे मागितलं होतं.

हंगाम संपताना म्हातारीचा मुलगा घरी आला. म्हातारी कुबडी घेऊन उभी राहते, पण तिला डोंगर चढता येणार नाही, गाडीरस्ता संपला की पाठीवर न्यावी लागेल, असं त्यानं सांगितलं. मग म्हणाला, "गाडी?" मी सांगितलं, स्टेअरिंग काढलं. "दाखव," म्हणाला. त्यानं खिडकीतून आत वाकून तो उघडा दांडा पाहिला. हात घालून चाचपलाही.

आबा ओट्यावरून उठले. त्यांना वाटलं, नवा माणूस आला.

"उना का भो?" ते म्हणाले. "चाल, हात लाव."

त्याला त्यांचे शब्द समजले की नाही, ठाऊक नाही. हाताची खूण समजली असावी. त्यानं आबांकडे पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, शिवी देईल. तो निघून गेला. मी त्याच्या मागे फाटकापर्यंत गेलो. त्यानं वळून पाहिलं नाही.

पावसाळा लागेपर्यंत आबांनी स्टेअरिंगबद्दल विचारणं बंद केलं. पुढे ते पुढच्या सीटवर बसेनासे झाले. डॉक्टर म्हणतात, आजार असाच वाढतो, त्याचा गाडीशी संबंध लावू नका. मी लावत नाही. माय लावते, पण बोलत नाही. आता सकाळी चहा झाला की ते मागचं दार उघडून आत बसतात. डावीकडे, जिथे मालक बसायचे. टोपी मांडीवर ठेवतात.

परवा शाळेत जायच्या आधी त्यांना औषध द्यायला गाडीपाशी गेलो. त्यांनी गोळी घेतली, पाण्याचा घोट घेतला. मला त्यांनी ओळखलं नव्हतं, हे त्यांच्या आवाजातल्या अदबीवरून कळलं.

"ड्रायव्हर उना नही का आजून?"

"येई, आबा."

"उशीर करी ऱ्हायना." त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. मग सीटवरून थोडे सरकले आणि बाजूची जागा हातानं झटकली. "बठा. तुम्ही बी बठा."